पहिलीच कादंबरी हवीये, चौघींनी मिळून मोठ्याने वाचायला (बडोदं)

कारेलीबाग_आर्ट्स

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबणार आहे पण वाचा प्लीज.

आम्ही चौघी मैत्रिणी. पाचवीपासून एका बाकावर, नंतर युनिव्हर्सिटीत पण बरोबरच, फॅकल्टी वेगळ्या पण डबा एकत्र. दोघी मराठी, दोघी गुजराती. आता शेवटची परीक्षा झाली आणि सगळं एकदम सुटायला लागलंय. एकीचा कॅनडाचा व्हिसा आला, ऑगस्टच्या शेवटी जाणार. एकीचं लग्न ठरलं, डिसेंबरात, सुरतेला. मी बहुतेक पुण्याला एमएला. चौथी इथेच राहणार, पप्पांबरोबर दुकानात बसायला लागलीय आत्तापासूनच, आणि खरं सांगू का, मला काळजी तिचीच जास्त वाटते, जाणाऱ्यांना निदान नवीन काहीतरी असतं, राहणाऱ्याला तेच रस्ते.

तर आम्ही ठरवलंय की दर रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत कमाटीबागेत बसायचं आणि एकच कादंबरी मोठ्याने वाचायची, आळीपाळीने. गुजराती मैत्रिणींना देवनागरी वाचता येतं, शाळेत हिंदी होतंच, आणि मराठी आमच्या घरी येऊन येऊन कानावर इतकं पडलंय की बरंचसं समजतं. फक्त च आणि ज अडतात. 'चांगलं' मधला च त्या 'चहा' मधला काढतात. मी आधी दुरुस्त करायचे, आता करत नाही, तिच्या तोंडून तसंच ऐकायची सवय झालीय.

अट एवढीच की लेखकाची ती पहिलीच कादंबरी असावी, आपल्याकडची, खूप जुनी नको, आणि प्रेम मैत्री मोठं होणं हे सगळं त्यात असावं. मराठी हिंदी इंग्लिश काहीही चालेल. पहिलीच का, तर आमच्या एका सरांनी वर्गात सांगितलेलं की पहिल्या कादंबरीत लेखक हातचं राखत नाही, पुढच्या पुस्तकासाठी काही शिल्लक ठेवायचं असतं हे त्याला अजून कळलेलंच नसतं. ते डोक्यात बसलंय माझ्या.

अडचण अशी की ज्याला विचारावं तो मुलांचीच कादंबरी सांगतो. मुलगा हॉस्टेलला जातो, मित्र भेटतात, रात्रभर गप्पा, एक मुलगी आवडते, मग ती निघून जाते आणि मुलगा मोठा होतो. मुलगी निघून जाते ती कुठे जाते? तिच्या मैत्रिणी नसतात का? आम्ही चौघी बारा वर्षं रोज बोलतोय, ते कुठे तरी असेलच ना लिहिलेलं? सुचवा प्लीज.


तिखट_सेवउसळ

मस्त कल्पना आहे. माझं वाचन हिंदीच जास्त, तर हिंदी सांगतो.

सत्य व्यास यांची बनारस टॉकीज. २०१५ ची, त्यांची पहिलीच. बीएचयूच्या, म्हणजे बनारस हिंदू युनिव्हर्सिटीच्या, लॉच्या मुलांचं हॉस्टेल. मोठ्याने वाचायला याच्यासारखी दुसरी नाही कारण अर्धं पुस्तक म्हणजे पोरांचं बोलणंच आहे, आम्ही नाइट शिफ्टला ब्रेकमध्ये एकमेकांना वाचून दाखवायचो आणि चहा गार व्हायचा. पण तू म्हणतेस तेच, मुलांचंच आहे ते, हॉस्टेल नंबर अमुक रूम नंबर तमुक.

दुसरी दिव्य प्रकाश दुबे यांची मुसाफिर कॅफे, २०१६. गोष्टींची पुस्तकं आधी आलेली त्यांची, कादंबरी म्हणून पहिली. यात मुलगी चांगली ठाम आहे, तिला लग्न करायचं नाही आणि ती ते सरळ सांगते. पण ही वाचायच्या आधी एक गोष्ट माहीत पाहिजे, यातल्या दोघांची नावं सुधा आणि चंदर ही मुद्दाम ठेवलीयेत, धर्मवीर भारतींच्या गुनाहों का देवता वरून. ती १९४९ ची, आणि गंमत म्हणजे ती पण भारतींची पहिलीच कादंबरी, तेव्हा ते तेवीसेक वर्षांचे. म्हणजे बघ, एकाची पहिली कादंबरी जवळजवळ सत्तर वर्षांनी दुसऱ्याच्या पहिल्या कादंबरीत नावं होऊन येते. जुन्या सुधाचं काय होतं आणि नव्या सुधाचं काय होतं हे शेजारी ठेवून वाचलंत तर तुझ्या 'मुलगी कुठे जाते' चं थोडं उत्तर मिळेल. जुनी वाली रडवते, ते सांगून ठेवतो.


जुना_मांडवीकर

बाळ, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. चार मुली बागेत बसून कादंबरी वाचणार हे ऐकूनच आमच्यासारख्यांना हुरूप येतो.

माझं मत स्पष्ट आहे, भालचंद्र नेमाड्यांची कोसला वाचा. १९६३ ची, म्हणजे तुझ्या 'जुनी नको' या अटीत बसत नाही हे मान्य, पण पहिल्या कादंबरीबद्दल बोलायचं आणि कोसला टाळायची हे मराठीत तरी होऊ नये. नेमाडे पंचवीस वर्षांचे होते आणि त्यांचा पांडुरंग सांगवीकर पण पंचवीसचाच. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला जातो, हॉस्टेल, मेस, सेक्रेटरीपण, पैशाचे घोळ, वडिलांशी न जुळणं. तुझे सर म्हणाले ना हातचं राखत नाही, ते या पुस्तकाला जसं लागू पडतं तसं दुसऱ्या कशाला नाही. त्या आधी मराठी कादंबरीत माणसं पुस्तकी बोलायची, इथे एक मुलगा उदाहरणार्थ वगैरे करत आपल्याशी बोलत बसतो आणि आपल्याला वाटतं हा तर आपल्याच खोलीवरचा. पुढे २०१४ चं ज्ञानपीठ मिळालं नेमाड्यांना, पण ज्याला त्याला आठवते ती कोसलाच.

मुली नाहीत यात, खरं आहे. पण मणी आहे. त्याची धाकटी बहीण. ती जाते तो भाग मी आयुष्यात तीनदाच वाचला, चौथ्यांदा हिंमत झाली नाही. मुलगी निघून जाते ती कुठे जाते असं तू विचारलंस तेव्हा मला पहिल्यांदा मणीच आठवली. तिथे ती जाते आणि पुस्तकच आतून पोकळ होतं, पुढची पानं त्या पोकळीभोवती फिरतात. गुजरातीतही भाषांतर झालेलं आहे, मैत्रिणी अडल्या तर शेजारी ठेवता येईल.

पुस्तक मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत विचार. गेली नसशील तर पुस्तकासाठी नाही तरी नुसती बघायला जा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला होता, राजवाड्यातली स्वतःची पुस्तकं दिली आणि ही संस्था उभी केली. आत लोखंडी रॅक आहेत मजल्यावर मजले आणि मधली जमीन जाड काचेची, उजेड खालपर्यंत जावा म्हणून. मी कॉलेजात असताना तिथे उभा राहायचो, वर कोणी चाललं की डोक्यावरून त्याच्या पावलांची सावली सरकायची. मराठी पुस्तकं भरपूर आहेत तिथे. आणि नेणारे कमी झालेत, ते बघवत नाही.

माझी कोसलाची प्रत माझी नाही. हॉस्टेलवर शेजारच्या खोलीतला मित्र होता त्याची. वाचून दे म्हणाला. मग तो आफ्रिकेला गेला काकांच्या धंद्यात, पत्रं आली दोन-चार, मग थांबली. पहिल्या पानावर निळ्या शाईत त्याचं नाव आहे अजून. द्यायचं राहिलं.


रावपुऱ्याची_लेक

काका, तुमच्या त्या शेवटच्या ओळी वाचून पोटात तुटलं, आणि तरी मी तुमच्याशी भांडणार आहे, राग मानू नका.

या मुलींना कोसला आत्ता नका देऊ. मी पण एमएला होते, मला पण सगळ्यांनी आधी कोसलाच दिली, मी ती वाचली, आवडली, आणि पुढची पाच वर्षं मला वाटत राहिलं की मोठं होणं म्हणजे पांडुरंगसारखं होणं, सगळ्याला कंटाळणं. माझ्या मैत्रिणी होत्या, माझी आई होती, मला त्यांचं काहीतरी लिहायचं होतं आणि मला वाटायचं हे काही साहित्य नव्हे. पुस्तक थोर आहे, त्यात वादच नाही, पण पहिलं म्हणून दिलं की ते साचा होऊन बसतं. तिने स्वच्छ विचारलंय मुलींचं हवं, तर तेच देऊ या की.

कारेलीबाग, तुला दोन सांगते.

एक इंग्लिश. मिल्क टीथ, अमृता महाले, २०१८, पहिलीच. नव्वदच्या दशकातली मुंबई, माटुंग्यातली एक जुनी बिल्डिंग, ती पाडून नवीन बांधायची का यावर भाडेकरूंच्या मीटिंगा चालल्यायत, आणि त्याच बिल्डिंगमध्ये लहानपणी एकत्र वाढलेले दोघं, इरा आणि कार्तिक. इरा पत्रकार आहे. कोकणी घरं आहेत, म्हणजे आपल्याला स्वयंपाकघरातला वाससुद्धा ओळखीचा. यात प्रेम आहे पण मला सगळ्यात काय आवडलं सांगू, लहानपणची मैत्री मोठेपणी कशाकशाने अवघड होते ते फार हळू आणि फार खरं दाखवलंय, कोणी वाईट नाही त्यात तरी होतं. आणि इराच्या नजरेने शहर दिसतं, मुलगी रस्त्यावरून चालताना काय काय बघते ते.

दुसरी मराठी, आणि माझं मत विचारशील तर हीच घ्या. कोबाल्ट ब्लू. सचिन कुंडलकर, २००६. विशीच्या सुरुवातीला लिहिलेली, पहिली आणि जेमतेम दीडशे पानांच्या आसपासची, तुमच्या रविवारांत बसेल. पुण्यातलं जोशींचं घर, वरच्या खोलीत पेइंग गेस्ट येतो, आणि भाऊ तनय आणि बहीण अनुजा दोघंही त्याच्याच प्रेमात पडतात, एकमेकांना पत्ता नाही. मग तो निघून जातो. लक्षात घे, इथे निघून जाणारी मुलगी नाही, मुलगा आहे, त्याला नाव पण नाही शेवटपर्यंत. आणि पुस्तकाचे दोन भाग, पहिला तनय बोलतो, दुसरा अनुजा. तोच माणूस, तेच घर, तीच खोली, आणि दोघांनी पाहिलेलं इतकं वेगळं की तुला वाटेल दोन वेगळी माणसं होती. अनुजाचा भाग माझ्यासाठी खरा. ती घर सोडून गेली आणि परत आली, म्हणजे तुझा प्रश्न होता ना, ती कुठे जाते, इथे ती जाऊन आल्यावर सांगते, स्वतःच्या शब्दांत.

मोठ्याने वाचायला का म्हणते ते पण सांगते. तनयचा सगळा भाग 'तू' ला उद्देशून आहे. गेलेल्या माणसाशी बोलतोय तो. मनात वाचताना एवढं जाणवत नाही. मी एकदा बहिणीला वाचून दाखवत होते, तिचे डोळे माझ्यावर आणि माझ्या तोंडात सारखं तू तू, तू हे केलंस तू इथे बसायचास, पाच पानांनंतर मला तिच्याकडे बघवेना.

सिनेमा आलाय २०२२ मध्ये, त्यांनीच केला, पण गोष्ट केरळात नेलीय. आधी पुस्तक.

काका, मणीबद्दल तुम्ही म्हणालात ते मात्र शंभर टक्के पटलं.


निळी_शाई

रावपुरा ताई + १. कोबाल्ट ब्लू मी एकोणिसाव्या वर्षी वाचली, लायब्ररीतून आणली होती आणि घरी वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवली होती. मी तनयसारखाच आहे. बडोद्यात त्या वेळी माझ्या ओळखीत असं दुसरं कोणी नव्हतं, पुस्तकात होतं आणि ते मराठीत बोलत होतं, आपल्या घरासारख्या घरात राहत होतं, आई स्वयंपाकघरातून हाक मारत होती. इंग्लिशमध्ये असं वाचलं होतं मी पण ते लांबचं वाटायचं. आपल्या भाषेत वाचल्यावर पळायला जागाच राहत नाही, आणि बरं पण वाटतं. एवढंच सांगायचं होतं.

हां आणि एक. याचं इंग्लिश भाषांतर २०१३ मध्ये जेरी पिंटोंनी केलंय, आणि त्यांची स्वतःची पहिली कादंबरी एम अँड द बिग हूम पण तुमच्या यादीत हवी. २०१२ ची. माहीमचा छोटा फ्लॅट, चार माणसं, आई मनाने आजारी, मुलगा तिला विचारून विचारून तिच्या आणि बाबांच्या प्रेमाची गोष्ट गोळा करतो, जुनी पत्रं, ऑफिसातल्या भेटी. आईवडील आपल्या आधी दोन तरुण माणसं होती हे समजणं पण मोठं होण्यातच येतं ना. साहित्य अकादमी मिळालंय तिला. मराठीत शांता गोखल्यांनी आणलीय, एम आणि हूमराव नावाने. 'हूमराव' हा शब्द बघूनच मी विकत घेतली.


तिखट_सेवउसळ

पटलं मला. माझी हिंदीची यादी नंतरसाठी ठेवा. शाळा कोणी बोललं नाही म्हणून मीच बोलतो, मिलिंद बोकील, २००४, आणीबाणीच्या वर्षातली नववीतली पोरं. त्यांच्या कथा आधी आल्या होत्या म्हणजे अगदी पहिलं पुस्तक नव्हे, आणि परत मुलाच्याच नजरेतून, पण शिरोडकर आठवली की अजून छातीत काहीतरी होतं. प्रणव सखदेवांची काळेकरडे स्ट्रोक्स पण बघा, २०२१ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे तिला, कॉलेजची मुलं, आत्ताची भाषा.


रावपुऱ्याची_लेक

आत्ताची भाषा आहे खरी, पण परत मुलगाच ☺️ बरं एक राहिलं. मैत्रिणींबद्दल अजून थोडं मोठ्या झाल्यावर वाचायचं म्हणून मेघना पेठे यांची नातिचरामि लिहून ठेव, २००५, कादंबरी म्हणून पहिली. आत्ता नको, तिशी आली की. आणि गौरी देशपांडे यांचं एकेक पान गळावया, १९८०, त्यातल्या दीर्घकथांत बायका एकमेकींशी, स्वतःशी ज्या मोकळेपणाने बोलतात ते वाचून माझी आई पण गप्प झाली होती. चौघी चार गावांना गेलात की पोस्टाने फिरवा ही पुस्तकं, प्रत्येकीने समासात पेन्सिलने लिहायचं आणि पुढे पाठवायचं. आम्ही बहिणी करतो. पोस्टात पुस्तकं पाठवायला स्वस्त काय पडतं ते विचार.


जुना_मांडवीकर

ताई, राग कसला. तुम्ही म्हणता ते मी रात्री विचार करत होतो. साचा होतो हे खरं आहे. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी दाढ्या वाढवून उदाहरणार्थ म्हणायला सुरुवात केली होती, त्यात मी पण होतो, आणि आमच्या बहिणी त्याच घरात भाकऱ्या करत होत्या, त्यांना काय वाटतं हे आम्ही विचारलं नाही. कोबाल्ट ब्लू मी वाचलेली नाही. या आठवड्यात आणतो.


कारेलीबाग_आर्ट्स

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, चार रविवार झाले, म्हटलं सांगावं.

कोबाल्ट ब्लूच घेतली. आणायला चौघी मांडवीला गेलो, काका, ती काचेची जमीन बघितली, दुकानवाली मैत्रीण तर खाली बसून वर बघत राहिली, तिला म्हटलं चल आता, तर म्हणे थांब कोणीतरी चालू दे वर. बारा वर्षं याच शहरात आणि एकदाही गेलो नव्हतो.

पहिले दोन रविवार मी आणि माझी मराठी मैत्रीण वाचत होतो. तिसऱ्या रविवारी कॅनडावाली म्हणाली मला द्या. ती गुजराती. हळू वाचते, अक्षर अक्षर जोडत, आणि रावपुरा ताई तुम्ही सांगितलं होतं तरी आम्ही तयार नव्हतो. तनय सारखा तू तू म्हणतो आणि ती ते वाचते, तिच्या त्या चहाच्या च ने, आणि जाणारी तीच आहे. म्हणजे ज्याने राहायचं त्याचं बोलणं जाणाऱ्याच्या तोंडून. एका पानावर ती थांबली, आम्हाला वाटलं शब्द अडला, मी पुस्तकात डोकावले तर शब्द सोपा होता. मग कोणी काही बोललं नाही, एक काका वॉकला आलेले ते आमच्याकडे बघून गेले, आणि सुरतवालीने पिशवीतून फाफडा काढला आणि मध्ये ठेवला.

निळी शाई, तुझं लिहिलेलं मी वाचायच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, तुझी परवानगी न विचारता, सॉरी. म्हणून घरी गेल्यावर एकीने तिच्या भावाला काहीतरी विचारलं जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं. एवढंच सांगते, पुढचं त्यांचं त्यांच्यात.

काका, तुमच्याकडची कोसला मित्राची आहे म्हणून मागत नाही, लायब्ररीतून घेऊ, पुण्याला गेल्यावर मी एकटी वाचीन. मणीपर्यंत आले की इथे लिहीन.

येत्या रविवारपासून अनुजाचा भाग. तो सगळा दुकानवाली वाचणार आहे, तिने स्वतः मागून घेतला. काल रात्री व्हॉइस नोट पाठवली तिने, गल्ला बंद करता करता, मागे शटरचा आवाज येतोय आणि ही म्हणतेय, चांगलं, चांदणं, चार, यातला कुठला च कसा, नीट सांग मला, रविवारी चुकायचं नाहीये.